ऊन उतरल्यावर

वीस लिटरच्या दोन बादल्या, जाळीचा गुंडाळा आणि तीन रुंद ब्रश सकाळी साडेदहाला गच्चीवर चढले. मिस्त्रींनी सगळं सामान जिन्याच्या तोंडाशी सावलीत ठेवलं, त्यावर ओलं पोतं टाकलं आणि ते खाली येऊन चहाला बसले. "आता काय?" मी विचारलं. "आता काही नाही काका. संध्याकाळी."

मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरात पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो. ती हवा झाली. उघड्या गच्चीचा कोबा दुपारी साठीच्या घरात जातो. चप्पल घालून उभं राहिलं तरी टाचेला कळतं. अशा गच्चीवर पांढरं कोटिंग करून घ्यायचं ठरलं तेव्हा घरातून पहिली अट आली की कुरडया वाळल्याशिवाय गच्चीला हात लावायचा नाही. त्यामुळे काम मेच्या दुसऱ्या पंधरवड्यावर गेलं. पाऊस पंधरा-वीस दिवसांवर आलेला, आणि मिस्त्री चहा पिऊ राहिलेले.

माझ्या घाईला इतिहास होता. तीन वर्षांपूर्वी हेच काम एका ठेकेदाराने दोन दिवसांत उरकलं होतं, तेही भर दुपारी. आम्हाला कौतुक वाटलं, काय माणसं कष्टाळू आहेत! आठवड्याभरात गच्चीवर रुपयाएवढे फुगे आले. दिवाळीपर्यंत ते फुटून पापुद्रे सुटले आणि मागच्या खोलीच्या छतावर ओलीचा डाग पसरला.

यावेळी मिस्त्रींनी पहिले तीन दिवस बादलीचं झाकणसुद्धा उघडलं नाही. पहिला दिवस जुने पापुद्रे खरवडण्यात गेला. तारेचा ब्रश, पत्र्याची पट्टी, मग खराटा. आमच्याकडे नळाला कितीतरी दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे प्रेशर पंपाने धुण्याची चैन नाही. एक बाई बादलीने पाणी टाकत होती, दुसरी खराट्याने ते मोरीकडे लोटत होती. पाणी कुठे रेंगाळतं तिथे मिस्त्री खडूने गोल करत होते. "ढाळ इथं मेला," म्हणायचे आणि पुढे सरकायचे.

दुसऱ्या दिवशी भेगा. भेग दिसली की बुजवायची, एवढंच मला माहीत होतं. मिस्त्रींनी उलट ती आणखी उघडली. छिन्नीने दोन्ही कडा तासून तिची पन्हळ केली, आतली धूळ फुंकून काढली, पाण्याचा हात फिरवला आणि मग मसाला भरला. केसाएवढ्या फटीत वरवर लिंपलेला मसाला टिकत नाही, कारण काँक्रीट जागेवर बसून राहत नाही. दहा मीटर लांबीचा स्लॅब चाळीस अंशांनी तापला की साधारण चार मिलिमीटर लांबतो आणि निवला की तेवढाच आखडतो. हे रोज चालतं. त्यामुळे भेगेत जे भरायचं त्यालाही थोडं ताणता आलं पाहिजे. कठडा आणि गच्ची जिथे काटकोनात भेटतात तिथे त्यांनी सिमेंटचा गोलसर वाटा मारला. गच्ची सगळ्यात आधी त्या कोपऱ्यातच फाटते.

तिसऱ्या रात्री त्यांनी प्लॅस्टिकचा दीड फुटी चौकोन गच्चीवर ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टी लावली. सकाळी तो उचलून उजेडाकडे धरला. आतून एकही थेंब नव्हता. थेंब दिसले असते तर स्लॅबमध्ये ओल आहे, अजून थांबायचं.

तर अशा तयारीनंतरचा हा चौथा दिवस. मी माझ्या परीने तोडगा काढला. "दुपार नको हे कळलं. पण मग पहाटे सहाला का नाही? गच्ची सगळ्यात गार तेव्हाच असते."

मिस्त्री हसले. "गार असती, पण तापू लागलेली असती ना."

त्या एका वाक्याचा उलगडा व्हायला मला त्यांच्याबरोबर एक संध्याकाळ काढावी लागली. काँक्रीट दिसतं भरीव, पण आतून सूक्ष्म छिद्रांनी भरलेलं असतं आणि त्यात हवा असते. सकाळी ऊन चढू लागतं तशी ही हवा फुगते आणि वर यायला बघते. त्या वेळी वर ओलं कोटिंग असेल तर ती त्याला टोचून फुगा करते. संध्याकाळी गच्ची निवू लागली की आतली हवा आकसते आणि वरचा पातळ थर छिद्रांत ओढून घेते. म्हणजे सकाळी गच्ची श्वास सोडते, संध्याकाळी घेते. लावायचं ते श्वास घेताना. भर दुपारचं संकट आणखी वेगळं. ॲक्रिलिक कोटिंगमध्ये पाणी असतं. ते हळूहळू उडतं आणि राळेचे बारीक कण एकमेकांना चिकटून सलग पडदा होतो. तापलेल्या कोब्यावर वरची साय क्षणात धरते, खालचं पाणी अडकतं आणि दुसऱ्या दिवशी वाफ होऊन बाहेर पडायला वाट शोधतं. आमचे रुपयाएवढे फुगे आले ते असे.

साडेपाचला मिस्त्री वर गेले. घड्याळ पाहिलं नाही. ओंजळीतलं पाणी गच्चीवर शिंपडलं. थेंब बघता बघता नाहीसे झाले. "अजून नाही." सहाला पुन्हा. साडेसहाला थेंब जरा रेंगाळले, कडेने हळूहळू आटत गेले. मग त्यांनी तळहात टेकवला आणि काढला नाही. "चला."

त्या संध्याकाळी पाणी घालून पातळ केलेला प्रायमर. दुसऱ्या संध्याकाळी पहिला हात आणि तो ओला असतानाच वर जाळी अंथरून ब्रशने दाबत जाणं. दोन बाया गुडघ्यांखाली पोतं घेऊन मागे मागे सरकत होत्या. त्यांच्या बांगड्यांवरही पांढरे शिंतोडे. तिसऱ्या संध्याकाळी दुसरा हात, पहिल्याला आडवा. सगळं मिळून जाडी एक मिलिमीटरच्या आतबाहेर.

एवढ्या पातळ थराचं मोल मराठवाड्याला कळायला हवं. आपली जुनी घरं माळवदाची. लाकडावर मातीचा जाड थर, आणि दरवर्षी पावसाआधी वर पांढरी माती टाकायची. घर गार राहायचं, पण वजन डोक्यावर. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या अशाच जड घरांखाली माणसं गाडली गेली. त्यानंतर लोकांचा ओढा आणखीच स्लॅबकडे वळला, आणि स्लॅबबरोबर उकाडा आला.

गारव्याचा आणखी एक जुना पाठ शहरातच आहे. पाणचक्कीला जाणारा माणूस वरचा हौद आणि पडणारं पाणी बघून परततो. त्या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या प्रशस्त दालनाचं छत आहे. जाड खांबांवर तोललेल्या छतावर पाणी खेळवायचं आणि उन्हाने छतापर्यंत पोहोचायचंच नाही. आमच्या गच्चीवर हौद परवडणार नाही. आम्ही उन्हाला पांढऱ्या रंगाने परत पाठवतो. अहमदाबादने २०१३ साली उष्णतेशी लढायचा आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरं पांढरी केली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच आणलं.

गुण गायले, आता दोष. भर दुपारी ही गच्ची डोळे उघडू देत नाही. समोरच्या वहिनींनी दुसऱ्याच दिवशी खिडकीला पडदा लावला आणि तसं सांगितलंही. आपल्याकडची धूळ बसली की पांढरेपणा मळतो आणि ऊन परतवण्याची ताकद घटते. वर्षातून एकदा तरी धुवावं लागतं. ओल्यावर पाय घसरतो. अंगणात किंवा ओट्यावर हेच लावायचं तर शेवटच्या हातात बारीक वाळू मिसळतात.

चार-पाच दिवसांनी थर पक्का वाळल्यावर मिस्त्रींनी मोरीभोवती मातीचं आळं करून पाणी कोंडलं. सगळी गच्ची भरायची तर टँकर लागला असता. ते म्हणाले, गळायचं तर इथूनच गळेल. दोन दिवस चिमण्यांची चंगळ झाली. मी खाली जाऊन छताच्या जुन्या डागाभोवती पेन्सिलने रेघ मारून ठेवली होती. डाग रेघेच्या आतच राहिला. पाणी कुंड्यांना घातलं.

बादलीच्या तळाशी तीनेक लिटर माल उरला होता. मिस्त्रींनी जरा अडखळतच विचारलं, "हे नेऊ का? आपल्या घरावर पत्रे हायेत."

"न्या की. आजच लावून टाका."

"आज कसं? पत्र्याला गंज हाय. तो घासायचा, पत्र्याचा प्रायमर वेगळा लागतो, तो आणायचा." बादलीचं झाकण त्यांनी हाताच्या मुठीने चारी बाजूंनी ठोकून बसवलं आणि ती सायकलच्या हँडलला अडकवली. "रविवारी बघू. ऊन उतरल्यावर."