डग्ग्याचा घुमारा कोठे हरपला?

बंगळूरच्या आग्नेयेस बेळ्ळंदूरचा विस्तीर्ण तलाव आहे. अशा तलावात दोन खडे शेजारी शेजारी टाकले, की दोन तरंगमाला पसरतात. शिखर शिखरास मिळते तेथे पाणी अधिक उचलते. शिखर दरीस मिळते तेथे ते निश्चल राहते. ध्वनीचेही असेच आहे.

समजा, त्या तलावाकाठच्या एखाद्या घरी स्टीरिओ यंत्रावर तबलावादन चालू आहे. चाटेचे बोल स्वच्छ ऐकू येतात. डग्ग्याचा घुमारा मात्र हरपला आहे. यंत्र बिघडलेले नाही. एका स्पीकरच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या आहेत. एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. 100 हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे 3.4 मीटर असते. स्पीकरांतील अंतर त्याहून पुष्कळ कमी असल्यास त्या लहरी जवळजवळ सर्वत्र विरुद्ध अवस्थेत भेटतात व एकमेकींस पुसून टाकतात. उंच स्वरांच्या लहरी आखूड असतात. त्या एके ठिकाणी मावळल्या तरी दुसरीकडे उरतात.

लहरीच्या या अवस्थेस ‘कला’ म्हणतात. तारा उलटल्या, की सर्वच स्वरांची कला उलटते. गाळक मंडलाचे कार्य अधिक सूक्ष्म आहे. खालचे स्वर जाऊ देणाऱ्या साध्या गाळकात 10,000 ओहमचा रोधक व 0.1 मायक्रोफॅरडचे धारित्र असेल, तर सुमारे 159 हर्ट्झचा स्वर क्षीण तर होतोच, शिवाय 45 अंशांनी मागेही पडतो. द्वितीय श्रेणीच्या गाळकात सीमेवरचा स्वर 90 अंश मागे पडतो. वरचे स्वर जाऊ देणारा त्याचा जोडीदार तोच स्वर 90 अंश पुढे नेतो. एकूण अंतर 180 अंशांचे होऊन तो स्वर लोपतो. म्हणून अशा पेटीत एका स्पीकरच्या तारा मुद्दाम उलट जोडतात. एरवीचा दोष येथे उपाय ठरतो.

ब्रिटिश अभियंता अ‍ॅलन ब्लमलाइन याने 1931 साली स्टीरिओ पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यात डाव्याउजव्या संकेतांची बेरीज व वजाबाकी यांचा उपयोग होता; पुढे एफएम स्टीरिओ प्रक्षेपणातही तीच युक्ती योजली गेली. एकाच स्पीकरचा रेडिओ केवळ बेरीज ऐकवतो. प्रक्षेपणापूर्वी एका बाजूची कला उलटली, तर बेरजेची वजाबाकी होते आणि दोन्ही बाजूंस सारखाच असलेला मधल्या गायकाचा आवाज नाहीसा होतो.

म्हणून ध्वनिमुद्रक दोन्ही बाजू एकत्र करूनही ऐकतो. घरीही यंत्र बंद करून एका स्पीकरच्या तारांची अदलाबदल करावी. ज्या जोडणीत डग्गा भरदार घुमतो, ती योग्य.