पिवळं पाकीट आणि चौदा दिवस

नाशिकहून भावाचा फोन आला तेव्हा एश्बॉर्नमध्ये रविवारची सकाळ होती. "दादा, बाबांना ॲडमिट केलंय. बायपास करावी लागेल म्हणतात." संध्याकाळच्या विमानाची तिकिटं मिळाली आणि आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि चार वर्षांची लेक, हाताला लागेल ते बॅगेत कोंबून फ्रँकफर्ट विमानतळावर पोहोचलो. गाडी नेहमीप्रमाणे घरासमोरच्या रस्त्यावर उभी होती. तिचा विचारही मनात आला नाही.

बाबांचं ऑपरेशन नीट झालं. सहा आठवड्यांनी, एका मंगळवारी, परत आलो तर टपालपेटी गच्च भरलेली. जाहिरातींच्या कागदांत दोन सरकारी पत्रं होती. पहिलं साध्या पाकिटात: तात्पुरत्या 'थांबण्यास मनाई' फलकाखाली गाडी उभी केल्याबद्दल 25 युरो दंड, एका आठवड्यात भरा. दुसरं पिवळ्या पाकिटात: दंड भरला नाही म्हणून आता रीतसर आदेश. 25 युरो दंड, 25 युरो शुल्क आणि साडेतीन युरो टपालखर्च, एकूण 53 युरो 50 सेंट.

फलक? आमच्या रस्त्यावर तर कधीच फलक नव्हता! शेजारच्या आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही गेलात ना, त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी लावला. शुक्रवारी समोरच्या इमारतीत कोणाचं तरी सामान हलवायचं होतं." गाडी उचलून नेली नाही, हेच नशीब.

मित्राला फोन केला. त्याचं उत्तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं: "जाऊ दे रे, भरून टाक आणि मोकळा हो. इथल्या सरकारशी कोण भांडणार?" खरं सांगतो, मीही मोबाईलवर बँकेचं ॲप उघडलं होतं. पण याच 'जाऊ दे'मुळे बाबांनी छातीत दुखत असताना तपासणी दिवाळीनंतर ढकलली होती. ॲप बंद केलं आणि दोन्ही पत्रं शब्दकोश घेऊन वाचायला बसलो.

मंडळी, जर्मनीत राहणाऱ्या प्रत्येकाने हे समजून घ्यायला हवं. पहिलं पत्र म्हणजे 'फर्वारनुंग', एक प्रकारची ताकीद. पैसे भरले की ती तुम्ही मान्य केली आणि विषय संपला. मान्य नसेल तर भरायचं नाही, आपली बाजू लिहून कळवायची. तरीही कार्यालयाला पटलं नाही, तर 'बूसगेल्डबेशाइड' म्हणजे दंडाचा आदेश येतो, बहुधा पिवळ्या पाकिटात. त्याविरुद्ध हरकत, म्हणजे 'आइनश्प्रुख', घ्यायला दोन आठवडे मिळतात.

आणि इथेच आपण फसतो. हे दोन आठवडे आपण पत्र वाचलं त्या दिवसापासून मोजायचे नसतात. पोस्टमन पाकीट पेटीत टाकताना त्यावर तारीख लिहितो, तिथपासून मोजायचे. म्हणून पिवळं पाकीट कधीही फेकू नये. माझ्या पाकिटावर बारा दिवसांपूर्वीच्या गुरुवारची तारीख होती. म्हणजे हातात दोनच दिवस. मुदत संपण्याआधी पत्र कार्यालयात पोहोचायला हवं. त्या दिवशी पोस्टात टाकून उपयोग नाही. साध्या ई-मेलवरही विसंबू नये. शेवटचा दिवस शनिवार, रविवार किंवा सुट्टीचा असेल तर पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत वेळ मिळतो.

ऑफिसातल्या जर्मन सहकाऱ्याने कानमंत्र दिला: "आधी हरकत नोंदव, कारणं नंतर." कायद्याने कारण देणं बंधनकारक नाही. मी चार ओळी लिहिल्या: आदेशाचा क्रमांक, 'मी हरकत घेतो', 'फाइल पाहायची आहे', खाली सही. बुधवारी सकाळी स्वतः कार्यालयात नेऊन दिलं आणि प्रतीवर शिक्का मारून घेतला.

फाइल मागण्यामागे कारण होतं. तात्पुरते फलक लावताना तिथे आधीच उभ्या असलेल्या गाड्यांचे नंबर टिपून ठेवतात, हे त्याच सहकाऱ्याने सांगितलं होतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, लॉग! फाइलमध्ये ती यादी होती आणि तिसऱ्या ओळीत माझ्या गाडीचा नंबर. सोबत मी विमानाचे बोर्डिंग पास जोडले आणि एका निकालाचा दाखला दिला. ड्युसेलडॉर्फमध्ये 2013 साली सुट्टीवर गेलेल्या एका बाईंची गाडी अशाच फलकामुळे उचलली गेली होती. 24 मे 2018 रोजी सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं, की फलक लागल्यावर पूर्ण तीन दिवस जायला हवेत. त्याआधी गाडी उचलण्याचा खर्च मालकावर टाकता येत नाही. तो खटला गाडी उचलण्याच्या खर्चाचा होता, दंडाचा नव्हे. पण माझ्या बाबतीतही मधे पूर्ण दिवस दोनच गेले होते.

पाच आठवड्यांनी दोन ओळींचं पत्र आलं: कारवाई थांबवण्यात येत आहे.

फ्रँकफर्टमध्ये तर एका चालकाने फक्त 15 युरोच्या दंडासाठी उच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली होती. खासगी कंपनीच्या माणसांना गणवेश चढवून पार्किंगचे दंड करायला लावणं बेकायदा आहे, असा निकाल जानेवारी 2020 मध्ये लागला. पण ज्यांनी आधीच निमूटपणे पैसे भरले होते, त्यांची प्रकरणं मात्र कायमची बंद झाली होती.

याचा अर्थ प्रत्येक दंडाशी भांडावं असा नाही. चूक आपली असेल तर 25 युरोतच भरून टाकावे. कोर्टात हरलं तर खर्च वाढतो. आणि गावाला असल्याने मुदत हुकलीच, तर परतल्यापासून एका आठवड्यात, पुराव्यासह, मुदत पुन्हा मिळावी असा अर्ज हरकतीसोबत करता येतो. आम्ही आता भारतात जाताना टपालपेटीची किल्ली शेजारच्या आजींकडे ठेवतो आणि गाडीकडेही लक्ष ठेवायला सांगतो.

बाबांना व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. "किती वाचले?" त्यांनी विचारलं. पाच हजारांच्या वर, म्हटलं. ते हसले आणि म्हणाले, "बरं झालं. माझी पण तपासणीची तारीख सोळा आहे. कॅलेंडरवर गोल करून ठेवलाय. चुकवणार नाही."