परतीच्या पावसात गुहागर ते गणपतीपुळे

नवरात्राच्या सुमारास कोकण किनाऱ्यावरचा पाऊस वेळ पाळून येतो. सकाळ लख्ख असते. दुपार कलली की सह्याद्रीच्या अंगाने ढग चढतात आणि तासा-दोन तासांत गडगडाटासह कोसळून मोकळे होतात. मोसमी पाऊस मुंबईतून माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख हवामान खाते ८ ऑक्टोबर धरते. दक्षिण कोकणात तो त्यानंतर आवरतो. या काळात पश्चिमेचा वारा पडलेला असतो, जमिनीत ओल मुरलेली असते आणि ऊन कडक होऊ लागते. तापलेली दमट हवा घाटाशी वर चढते, तिचे ढग होतात आणि वरच्या थरातले पूर्वेचे वारे ते समुद्राकडे लोटतात. म्हणून किनाऱ्याने पायी जाणाऱ्यांनी उजाडताच निघावे आणि दुपारच्या जेवणापर्यंत पुढचे गाव गाठावे.

पाठीवर सॅक घेऊन दोघांनी चालावे असा एक टप्पा म्हणजे गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, तिथून फेरीबोटीने शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगड, मग मालगुंड आणि गणपतीपुळे. रमतगमत तीन-चार दिवस लागतात. वाट मात्र सलग वाळूची नाही. पुळण संपली की कातळाचे टोक आडवे येते. मग पाखाडीने सड्यावर चढायचे आणि पलीकडच्या गावात उतरायचे.

किती अंतर पुळणीवरून तोडता येईल हे भरती-ओहोटी ठरवते. त्यासाठी किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या आसपास भरती आणि सकाळी नवाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. भरती रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे हा आडाखा ढोबळ असला तरी चालणाऱ्याला पुरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत वर येते, अष्टमीच्या भांगाला कमी. हेदवीची बामणघळ याच हिशेबाने पाहावी लागते. कातळातल्या त्या अरुंद चिरेत भरतीची लाट घुसते, कोंडते आणि फवाऱ्यासारखी उसळते. ओहोटीला तिथे पाहण्यासारखे फारसे नसते. भरतीला कडेशी जाणे मात्र जिवावर बेतू शकते, कारण शेवाळलेला कातळ पाय धरू देत नाही.

सोबतीचा खरा उपयोग वहाळ ओलांडताना होतो. एरवी घोट्याइतका असणारा ओढा एका सरीनंतर मांडीपर्यंत चढतो. ओहोटीची वेळ धरून, सॅकचा कमरेचा पट्टा सोडून एकाने उतरावे आणि दुसऱ्याने काठावरून लक्ष ठेवावे. पाणी गढूळ आणि ओढ मोठी असेल तर थांबावे, नाहीतर सरळ पूल गाठावा. सड्यावर वीज कडाडू लागली तर याच सोबतीने एकमेकांपासून दूर व्हायचे असते. तिथे झाड विरळ, माणूसच सर्वांत उंच. अशा वेळी लवकरात लवकर गावात उतरणे हाच उपाय.

तंबूचे ओझे या टप्प्यावर व्यर्थ आहे. ओल्या वाळूत तो नीट उभा राहत नाही, आणि या वाटेवर घरगुती राहण्या-जेवणाची सोय मिळते. त्याऐवजी दोघांत एकच औषधांची पिशवी, एकच दोरी घेऊन भार वाटावा आणि कपड्यांचा एक जोड प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून कोरडा ठेवावा. १ जूनपासूनची मासेमारीबंदी जुलैअखेर संपलेली असल्याने ताजी मासळी असते, पण नवरात्रात अनेक घरांत चूल शाकाहारी असते. जेवण आधी विचारून घ्यावे.

याच दिवसांत हळवे भात कापणीला येते. चालणाऱ्याला सुखावणारी दुपारची सर कापून पसरलेले भात भिजवते, म्हणून खळ्यात घाई चाललेली दिसते आणि वाट विचारणाऱ्याला उत्तर मिळते ते हातातला विळा न थांबवता.

मालगुंडला केशवसुतांचे जन्मघर आता स्मारक आहे. तिथून गणपतीपुळे हाकेच्या अंतरावर. तिथली पुळण रुंद आणि देखणी असली तरी पाण्याला ओढ आहे, दरवर्षी माणसे बुडतात. दमून आलेल्यांनी समुद्रात उतरू नये. परतीसाठी रत्नागिरीची एसटी मिळते. तिथले रेल्वे स्टेशन मात्र शहराबाहेर कुवारबावला आहे, तेव्हा गाडीच्या वेळेआधी तासभर हाताशी ठेवावा.