एका स्पीकरचा श्रोता
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

काही वर्षांपूर्वी माझ्या चार कविता एका संगीतकार मित्राने स्वरबद्ध केल्या. स्टुडिओतल्या दोन मोठ्या स्पीकरांवर गायिकेचा आवाज खोलीभर पसरला होता. मी खुशीत घरी आलो आणि अम्मीच्या उशाजवळच्या छोट्या, एकाच स्पीकरच्या रेडिओला पेनड्राइव्ह लावला. दोन मिनिटं ऐकून अम्मी म्हणाली, ‘‘बेटा, तबला तो अच्छा है, पन गानेवाली किधर गई?’’

खरंच, तबला होता, बासरी होती. गायिका मात्र विहिरीच्या तळाशी जाऊन बसल्यासारखी. शब्द एकही कळेना. कवीवर याहून कठीण प्रसंग कोणता यावा?

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिस्टला विचारलं. त्याने कपाळाला हात लावला. ‘‘सर, मोनोत ऐकायचं राहूनच गेलं!’’ मग त्याने समजावलं ते असं.

आवाज म्हणजे लाट. उंचवटा आणि खोलगट भाग. स्टिरिओत डावा आणि उजवा असे दोन प्रवाह असतात. स्पीकर एकच असेल, तर यंत्र त्यांची बेरीज करतं. आमच्या गाण्यात आवाज रुंद वाटावा म्हणून तो डावीकडे सुलटा आणि उजवीकडे उलटा ठेवला होता. डावीकडे उंचवटा, त्याच क्षणी उजवीकडे तेवढाच खड्डा. पाच अधिक उणे पाच, शून्य! उरला तो फक्त घुमारा, कारण तो दोन्हीकडे वेगवेगळा होता.

उलटं न करता नुसता उशीर केला, तरी घोटाळा होतो. तोच आवाज एका बाजूला सेकंदाच्या हजाराव्या भागाने मागे ठेवला, तर बेरजेत ५०० हर्ट्झ कंपनांचा स्वर पुसला जातो, १,००० चा दुणावतो आणि १,५०० चा पुन्हा पुसला जातो. आवाज नळकांड्यातून आल्यासारखा लागतो.

एफएम स्टिरिओची १९६१ साली अमेरिकेत मान्य झालेली पद्धत पाहा. तिथे डावं-उजवं सुटं पाठवत नाहीत. मुख्य जागी दोघांची बेरीज असते आणि ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर वजाबाकी. साधा संच फक्त बेरीज ऐकवतो. स्टिरिओ संच दोन्हींवरून डावं-उजवं पुन्हा वेगळं काढतो. साध्या संचाचा श्रोता वगळायचा नाही, हा विचार त्या रचनेतच आहे.

आज मोनो संपला असं कुणाला वाटेल. पण मध्यम लहरीवरचं प्रक्षेपण, ब्लूटूथचा छोटा डबा, लग्नमंडपातला कर्णा, हे बहुधा मोनोच. ज्यांना एकाच कानाने ऐकू येतं, त्यांच्यासाठीही बेरीजच कामाची.

तेव्हा मिक्सिंग संपवण्याआधी मोनोचं बटण दाबावं आणि हळू आवाजात, एकाच स्पीकरवर ऐकावं. शब्द कळतात का? खर्जातलं वजन टिकतं का? कडेची वाद्यं थोडी मागे जाणारच. ती हरवता मात्र कामा नयेत. कोरिलेशन मीटरचा काटा अधिक एककडे असेल, तर दोन्ही बाजू एकसारख्या. शून्यापाशी असेल, तर एकमेकींशी संबंध नसलेल्या. तो सतत उण्यात राहिला, तर धोका समजावा. शेवटचा निवाडा मात्र कानाचा. मुख्य आवाज आणि खर्ज मधोमध ठेवावेत. रुंदी हवीच असेल, तर गायिकेकडून तीच ओळ दोनदा गाऊन घ्यावी आणि एकेक बाजूला ठेवावी. माणूस दोनदा तंतोतंत तसंच गात नाही, म्हणून त्या दोन लाटा एकमेकींना पूर्ण पुसत नाहीत.

आमची उलटी बाजू सुलटी झाली. अम्मीने त्याच रेडिओवर गाणं पुन्हा ऐकलं आणि दुसऱ्या कडव्यातल्या एका शब्दावर आक्षेप घेतला. इतक्या आनंदाने मी कुठलाच आक्षेप ऐकला नव्हता.