हुरडा थांबत नाही

पहाटे 5

पौषातली थंडी. उठल्याउठल्या पहिला फोन इनामगावच्या अलीकडे ज्वारी केलेल्या काकांना. "काका, दाणा कसाय?" पलीकडून उत्तर येतं, "आज बेस हाय. दूध आटलंय, पर दाना मऊच हाय. ये घेऊन मानसं." हे कळलं की आजचा दिवस ठरला. दुसरा फोन केडगावच्या गुऱ्हाळावर, पहिली काहील कधी चढणार ते विचारायला. तिसरा दुपारचं जेवण रांधणाऱ्या सुमनमावशींना, कारण शेंगोळ्याचं पीठ त्यांना आदल्या रात्रीच दळून ठेवायला सांगितलेलं असतं.

शहरातली माणसं पायी फिरवायची आणि शिरूर-दौंडकडचं खाणं त्यांना जागेवर चाखवायचं, हे माझं हिवाळ्यातलं काम. यात वाट दाखवण्यापेक्षा वेळ साधणं अवघड. इथल्या प्रत्येक चवीची एक घटका असते, आणि ती चुकली की तोच पदार्थ वेगळा लागतो.

सकाळी 7.30

पुण्याहून आलेल्या गाडीतून मंडळी केडगाव स्टेशनात उतरतात. चहा होईस्तोवर मी दोन गोष्टी विचारून घेते: साखरेचा आजार कुणाला आहे, आणि शेंगदाणा कुणाला चालत नाही. दुसऱ्या प्रश्नावर कुणी हात वर केला की माझी अर्धी शिदोरी बदलते. इकडे चटणीत, कालवणात, शेंगोळ्यातही शेंगदाण्याचं कूट असतं.

चालायला लागण्याआधी केडगावबद्दल थोडं सांगते. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतातल्या उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या आणि त्यांचं मुक्ती मिशन याच गावात उभं राहिलं. खाण्याच्या फेरीत भुकेची गोष्ट कशाला, असं एखाद्याच्या चेहऱ्यावर दिसतं. पण हा पट्टा पर्जन्यछायेतला आहे. इथली ज्वारी, हुलगा, वाळवून ठेवलेल्या भाज्या, सगळं पाऊस रुसेल या हिशोबानेच घरात आलं. ते समजल्याशिवाय ताटातलं काही समजत नाही.

सकाळी 8.30

वाटेच्या दोन्ही बाजूंना ऊस. कालव्याचं पाणी आलं तसा ऊस वाढला आणि ज्वारी मागे सरली. म्हणून हुरड्याचं रान आता शोधावं लागतं. गुऱ्हाळाच्या बाबतीत मात्र उलटं आहे, ती भरपूर आहेत. तिथे मी निवड करते ती धूर पाहून. काही ठिकाणी भट्टीत चिपाडाऐवजी प्लास्टिक आणि जुने टायर जाळतात. काळाकुट्ट, घशाला झोंबणारा धूर दिसला तर मी माणसं आत नेत नाही, मग मालक कितीही ओळखीचा असो.

आजचं गुऱ्हाळ चिपाडावर चालतं. चरकातून निघालेला रस आधी ग्लासात, आलं-लिंबू काही न घालता. मग काहिलीजवळ उभं राहायचं. रस तापला की मळी वर येते, ती झाऱ्याने काढतात; ती सुटावी म्हणून रानभेंडीचा चिकट रस घालतात. हा भाग घाईचा नाही. काहिलीतला रंग कसा पालटतो ते बघत बसणं हीच इथली चव घेण्याची पहिली पायरी आहे, आणि मी इथे मुद्दाम कमी बोलते.

सकाळी 10.30

आता मात्र गडबड. 105 अंशांच्या आसपास काकवी होते, 118 च्या आसपास गूळ. गुळव्याकडे तापमापक नसतो. तो पाक थंड पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळतो आणि "उतरवा" म्हणतो. त्या आधीच्या काही मिनिटांत मी वाटीभर काकवी काढून घेतलेली असते, सोबत घरून आणलेली भाकरी. काहील वाफ्यात ओतली की कडेचा मऊ, कोमट गूळ खायचा. थोड्या वेळाने तो घट्ट होतो, मग उरते फक्त ढेप.

तांबूस-काळसर गूळ पाहून पाहुणे बिचकतात. बाजारात त्यांना पिवळाधमक गूळ दिसतो; तो रंग बहुधा हायड्रॉस या रसायनाच्या पावडरीने आणलेला असतो. हे मी स्पष्ट सांगते, कारण गिऱ्हाईक पिवळा मागत राहील तोवर गुळव्या तरी काय करणार?

दुपारी 12

टेम्पोने पारगावला भीमा ओलांडायची, न्हावऱ्यावरून इनामगाव. तिथे पुन्हा पायी, घोड नदीच्या काठाने.

वरवर पाहिलं तर साधी टेकाडं, बाभळी, मातीत खापरांचे तुकडे. ते उचलायचे नाहीत, हा माझा नियम. डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या पथकांनी 1968 ते 1983 या काळात इथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 अशी जवळपास नऊशे वर्षं इथे वस्ती होती. घरं, चुली, धान्य साठवायची पेवं सापडली आणि जळून कोळसा झालेले दाणेही. सातू मुख्य, शिवाय गहू, मसूर, वाटाणा, हुलगा. बोराच्या बिया, माशांचे काटे, हरणांची हाडं. शेवटच्या काळात पाऊस कमी होत गेला, शेती खालावली, लोक जनावरांमागे फिरू लागले आणि गाव उठलं.

इथे मी सगळ्यांच्या हातावर मूठमूठ हुलगे ठेवते. बारीक, चपटे, विटकरी. कमी पाण्यावर येणारं हे कडधान्य त्या चुलींवर शिजत होतं.

दुपारी 1.30

आणि तेच मावशींच्या चुलीवर. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं, मीठ घालून घट्ट मळतात, तळहातावर वळून वेटोळी करतात आणि लसणाच्या फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडतात. वेटोळी शिजता शिजता पाणी आपोआप दाट होतं. शेंगोळे. जुन्नर, पारनेर, शिरूर या सगळ्या बाजूला थंडीत घरोघर होणारा पदार्थ, आणि हॉटेलात क्वचितच मिळणारा. मावशी बजावतात, "ताई, गरम हाय तवर खाऊन घ्या. गार झालं की दगड हुतो." जोडीला बाजरीची भाकरी, कांदा.

या फेरीतलं एकच ताट ठेवायचं झालं तर मी हे ठेवीन. तीन हजार वर्षं तग धरलेला दाणा आपल्या पोटात जातो, हे माणसं जेवताना स्वतःहून बोलून दाखवतात. मला सांगावं लागत नाही.

संध्याकाळी 4

काकांचं रान. खड्ड्यात गोवऱ्यांची आगटी तयार. कणसं निखाऱ्याच्या राखेत खुपसायची, फिरवायची, गरम असतानाच हातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा. हिरवे, वाफाळलेले दाणे. बरोबर जवसाची आणि लसणाची चटणी, सकाळचा गूळ, दही. काका गुळभेंडी लावतात; राहुरीच्या कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी काढलेलं फुले मधुर वाणही शेजारच्या रानात आहे. दोन्ही चाखून बघायला सांगते.

आज एक पाहुणे आइसलंडला जाऊन आलेले. तिथेही अशी पायी खाद्यफेरी असते, म्हणाले. रेक्याविकमध्ये दुकानादुकानांतून नेतात, मेंढीच्या मटणाचं सूप देतात आणि आंबवलेला शार्कही. तो मासा आंबवून मग चार-पाच महिने टांगून वाळवतात. लांबलचक थंडीत टिकावा म्हणून केलेलं अन्न ते. तिथल्या वाटाड्याला त्याच्यासाठी महिन्याचा हिशोब ठेवायची गरज नसेल. आमच्या दाण्यातली साखर मात्र थोड्याच दिवसांत पिठात बदलते, आणि मग त्याची भाकरीच करायची.

संध्याकाळी 7

दौंड. 1878 मध्ये मनमाडचा रस्ता इथून निघाला आणि गाव जंक्शन झालं. स्टेशनाजवळ भीमेच्या माशाचं तिखट कालवण आणि भाकरी. उजनीच्या फुगवट्यामुळे चिलापी, मरळ, वाम मिळतात. चिलापी मूळची आफ्रिकेतली, पण इथल्या मसाल्यात छान मुरली आहे. मंडळी पुण्याच्या गाडीत बसतात.

रात्री 9

काकांचा फोन. "रविवारचं काय खरं न्हाई. ऊन वाढलंय, दाना टनक व्हायला लागंल. शुक्रवारीच ये." मी रविवारच्या गटातल्या एकेकाला फोन लावायला घेते. सुट्टी काढता येईल का, हे विचारायचं आहे. ज्यांना जमणार नाही त्यांचे पैसे परत करायचे, आणि मावशींना हुलगे परवाच दळायला सांगायचे.