‘पंचवीस’चे ५२ का होतात? मुलावर ओरडण्याआधी हे वाचा

‘पंचवीस लिही’ म्हटलं की मूल ५२ लिहितं. ३ चा ६ होतो, म चा भ. हा आळस नव्हे. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतो, वीस नंतर. ३ आणि ६ यांची तोंडं विरुद्ध दिशांना असतात. सुरुवातीला अनेक मुलं गोंधळतात; अध्ययन अक्षमता असेल तर गोंधळ लवकर सुटत नाही. चुकीच्या वळणाने शंभरदा लिहून घेतलं, तर चूकच पक्की होते.

काय कराल?

• ताटात रवा पसरा. बोटाने मोठं अक्षर काढताना ‘खाली, गोल, वर’ असं मोठ्याने म्हणायला लावा.
• म पक्का झाल्यावरच भ घ्या. भ ची शिरोरेषा डावीकडे तुटते, हे दाखवा.
• अंकांसाठी चौकटीची वही वापरा. दशकाचं घर रंगवा. आधी तेच भरायचं.
• रोज दहा मिनिटं पुरेत.

दुसरी-तिसरीतही अडचण कायम असेल, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत सवलती मिळू शकतात.