दुरुस्तीनंतर ड्रोन तापतोय? आधी थर्मल पॅड बघा

पडलेल्या ड्रोनचा बोर्ड किंवा कॅमेरा बदलला, उडतोही छान, पण चालू केल्यावर काही मिनिटांतच 'तापमान जास्त' असा इशारा येतो. बहुतेक जण लगेच बॅटरीला दोष देतात. माझा पहिला संशय थर्मल पॅडवर.

प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये रबरासारखी मऊ पट्टी असते ना, तीच. चिपची उष्णता तिच्यातूनच बाहेर जाते. ड्रोन उघडताना ती फाटते, सुरकुतते. १ मिमीच्या जागी ०.५ मिमीची लावली तर फट राहते आणि चिप भाजत बसते. जास्त जाड लावून स्क्रू आवळले तर बोर्ड वाकतो. पॅडवर चिपचा पूर्ण चौकोनी ठसा उमटलाय का बघा. अर्धाच असेल तर चोर सापडला! थर्मल पेस्ट थापून फट भरायचा जुगाड मात्र नको, ती अगदी पातळ थरासाठीच असते.

मग आतला थंड करणारा पंखा बघा. कनेक्टर अर्धवट बसलेला असतो किंवा एखादी वायर पात्यात अडकलेली.

एकच मोटर तापत असेल तर प्रकरण वेगळं: आत वाळू, वाकलेला शाफ्ट, नाहीतर लांब स्क्रू वाइंडिंगला टेकलेला.

आणि हो, टेबलावर ठेवून सेटिंग करत बसलात तर धडधाकट ड्रोनही तापतो, कारण उडताना लागणारा वारा तिथे नसतो. फर्मवेअर अपडेट करताना प्रॉपेलर काढा आणि समोर टेबलफॅन लावा. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र ती पुन्हा लावूच नका.